‘आतून हलकं मॉडेल चालवता’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय, की पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं पॅकेज कसं बनवायचं असं विचारल्यावर, वेबवर शोधून एआय मॉडेलकडून उत्तर लिहून देणाऱ्या आमच्या सेवेनं ‘डिस्टयूटिल्स’ हे पॅकेज बनवण्याचं जुनं साधन वापरायला सांगितलं आणि ते चाललंच नाही. तेच मॉडेल वापरणाऱ्या दुसऱ्या सेवेनं बरोबर उत्तर दिलं, म्हणजे आम्ही आतून हलकं मॉडेल चालवत असणार, त्याऐवजी मोठं वापरावं, असं तुमचं म्हणणं. पहिली तक्रार अगदी रास्त आहे. डिस्टयूटिल्स पायथन ३.१२ मधून, म्हणजे ऑक्टोबर २०२३ मध्येच काढून टाकलंय. दुसरा आरोप मात्र खरा नाही. मॉडेल दोन्हीकडे एकच आहे, फरक पडला तो इंडेक्समुळे, म्हणजे वेबवरची पानं गोळा करून शोधासाठी लावून ठेवलेल्या साठ्यामुळे.

तुमचा प्रश्न मॉडेलच्या आधी सर्च इंडेक्सकडे जातो. तिथून जे उतारे वर येतात तेच मॉडेलपुढे ठेवून त्यांच्या आधारे उत्तर लिहायला सांगितलं जातं. तुम्हाला मिळालेल्या उत्तराखालच्या तिन्ही लिंक उघडून बघा. तिन्ही पानं २०२३ च्या आधीची, नीट लिहिलेली, आणि तिन्हींत डिस्टयूटिल्सच. अशा पानांना वर्षानुवर्षं इतर साइट्सनी लिंक दिलेल्या असतात, म्हणून ती क्रमवारीत वर बसतात. नव्या पानाला तेवढं वजन यायला वेळ लागतो. आणि एखादं जुनं पान मालकानं सुधारलं, पण क्रॉलर, म्हणजे इंडेक्ससाठी पानं गोळा करत फिरणारा प्रोग्राम, तिकडे पुन्हा फिरकलाच नाही, तर इंडेक्सच्या लेखी ते होतं तसंच राहतं. तुम्ही सुचवलेल्या मोठ्या मॉडेलला खरी माहिती आठवलीही असती, पण समोरचे तिन्ही स्रोत एकमुखानं उलटं सांगत असताना त्याची खात्री मी देणार नाही.

संपूर्ण वेबचा इंडेक्स ठेवणारे जगात मोजकेच आहेत. आम्हीही तो विकतच घेतो. मायक्रोसॉफ्टनं ऑगस्ट २०२५ मध्ये बिंगचं सर्च एपीआय, म्हणजे इतर सेवांना बिंगचा शोध वापरू देणारी सोय, बंद केलं, तेव्हा त्यावर चालणाऱ्या सेवांना दुसरी सोय बघावी लागली. वरचं मॉडेल तेच राहिलं तरी अशा वेळी उत्तरं बदलतात. म्हणून कोणती सेवा घ्यावी असं कुणी विचारलं, की मी मॉडेलचं नाव शेवटी बघायला सांगतो.

जुनी पानं सरसकट गाळणंही बरोबर नाही. पायथन ३.८ वरचा कोड सांभाळणाऱ्याला जुनंच पान लागतं. त्यामुळे प्रोग्रामिंगच्या प्रश्नांसाठी आम्ही अधिकृत डॉक्युमेंटेशनचा वेगळा इंडेक्स आवृत्तीनुसार लावला आहे. प्रश्नात आवृत्ती नसेल तर सध्याची धरली जाते. तुमचाच प्रश्न त्यावर चालवून पाहिला, तर पहिला उतारा सेटअपटूल्सचा, म्हणजे डिस्टयूटिल्सऐवजी आता वापरायच्या साधनाचा, आला.

या महिन्याचं शुल्क परत हवं असेल तर खात्यातल्या ‘मदत’मधून कळवा, लगेच देऊ. पुन्हा विचारून पाहिलंत आणि एखादी लिंक जुनी निघाली, तर तीच आम्हाला पाठवा. मला ती तपासायची आहे.