‘फुकट वाजवून रेट पाडता’ म्हणणाऱ्या दादांना

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा कमी आला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की "पहिला कार्यक्रम फुकट करा" असं साऊंड सिस्टीमच्या धंद्यात आलेल्या नवीन पोरांना पोस्टमध्ये सांगून मी सगळ्यांचा रेट पाडतोय, आणि गावात काम ओळखीवर नाहीतर मोठ्या बेसवर, म्हणजे दणक्याच्या स्पीकरवर मिळतं, आवाज कसाय ते कोण बघतो.

पहिला मुद्दा मान्य. सुरुवातीला मी स्वतः एका वाडीची सत्यनारायणाची पूजा फुकट वाजवली होती, तर पुढची दोन वर्षं त्या वाडीने मला गाडीभाड्यावरच धरलं, जरा वाढवून मागितले की "गेल्या टायमाक खंय घेतलंस?" हे माहीत असून मी ते वाक्य लिहिलं, चूक माझी. रेट पूर्ण सांगायचा, फारच वाटलं तर वर एखादा माईक जास्त द्यायचा. ते वाक्य आज काढतो.

दुसरं मात्र पटत नाही. ओळखीने पहिलं काम मिळतं, दुसरं नाही. आणि ओळख कोणाशी ठेवायची तेही बघा ना, आपण सगळे मंडळाच्या अध्यक्षाच्या मागे फिरतो पण डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, साऊंड कोणाचा हे बरेचदा गाणारे बुवाच सांगतात, आणि बुवांचे कान भरतो पखवाजवाला. कुडाळजवळ एका देवळात पत्र्याच्या मांडवात बारी होती, सुरुवातीलाच पखवाजाची कणीक लावलेली जड आवाजाची बाजू नुसती घुमायला लागली आणि बुवांनी तोंड उघडलं की स्पीकरमधून शिट्टी. मी तिकडचा माईक चार बोटं लांब केला, बुवांच्या माईकला लो कट मारला, म्हणजे खालचा घुमणारा आवाज कापला, आणि मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) त्यांच्या माईकच्या बरोबर पाठीमागे सरकवला. बस, एवढंच. बारी संपल्यावर माझा नंबर पखवाजवाल्याने घेतला, अध्यक्ष जेवायला बसले होते.

आणि मोठा बेस म्हणाल तर आपल्या कोकणातल्या दशावतारी नाटकाला तो घेऊन करायचं काय? तिथे संवाद लिहिलेले नसतात, नट जागेवर बोलतो, शब्द गेला म्हणजे गेला. त्यात राजा पाय आपटत आला की फळ्यांचा धडधडाट स्टँडमधून सरळ माईकमध्ये चढतो. मी स्टँडखाली जुन्या स्लीपरचे तुकडे कापून घालतो, हसू नका, करून बघा.

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, मग पुढे कितीही वाढवा, पुढच्या पोरांचे कान बसतात आणि मागे बसलेली आजी म्हणते "रे, माका काय ऐकाक येणा नाय". म्हणून स्टेजपासून २० मीटरवर दोन छोटे टॉप (स्पीकर) उभे करतो आणि त्यांना साधारण ५८ मिलिसेकंदाचा डिले देतो, त्यांचा आवाज तेवढा उशिरा सोडतो, म्हणजे स्टेजवरचा आवाज आणि त्यांचा आवाज आजीकडे एकदमच पोचतो. त्या आजीचा मुलगा किंवा नातू कुठल्यातरी मंडळात असतोच हो.

रात्रीच्या कामाचं एक राहिलं. २००० सालच्या नियमाप्रमाणे १० नंतर सकाळी ६ पर्यंत स्पीकर बंद, सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं. जत्रेची सुपारी घेताना परवानगी कोणाच्या नावावर आहे ते विचारून घ्या आणि कागदाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. पोलिसांनी मिक्सर उचलला तर आपला जातो, मंडळाचा नाही. लाईटवाल्याच्या लाईनवरून सप्लाय घेऊ नका, हमिंग येतं, आणि आमच्याकडे रात्री व्होल्टेज १८० पर्यंत खाली आलेलं मी स्वतः मीटर लावून बघितलंय, त्यामुळे स्टॅबिलायझरशिवाय मी गाडी भरतच नाही. खाऱ्या हवेने वायरींचे जॅक काळे पडतात ते वेगळंच, पावसाळ्यात काम नसतं तेव्हा सगळे पुसून ठेवायचे, गणपतीत करकर ऐकायला लागत नाही.

बाकी तुम्ही या धंद्यात माझ्यापेक्षा जुने दिसता, तर अ‍ॅडव्हान्स किती घेता ते लिहा. आमच्याकडे निम्मे मागितले की "जत्रा होवंदे, मगे बघूया" एवढंच ऐकायला मिळतं, आणि जत्रा झाल्यावर खजिनदाराचा फोन लागत नाही.