चॉईस नंबरच्या फीत पाटीवर ‘दादा’ लिहायचा परवाना मिळत नाही

‘सरकारी फी भरा, चॉईस नंबर घ्या. पाटीवर हवं ते नाव टाका, नंबर कायमचा तुमच्या मालकीचा, पुढे दुपटीने विका, पोलीस अडवत नाहीत. आमच्या माणसाकडून निम्म्या किमतीत.’ खाली लंडनमधल्या कुठल्याशा गाडीचा फोटो. हा मेसेज सगळ्या ग्रुपांवर फिरत होता तोवर मी दुर्लक्ष केलं. परवा भाच्याने तोच पाठवला आणि वर लिहिलं, ‘मामा, ४१४१ बघतोय. पाटी रेडियमवाल्याकडे टाकली पण.’ म्हणून हा खटाटोप.

४१४१ म्हणजे ‘दादा’, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. इंग्रजी चारला वळण देऊन द, एकाचा काना. तसाच ८०५५चा बॉस आणि ४९१२चा पवार. डोकं लावलंय, कबूल. पण सरकार फी घेतं ती आकडा निवडू देण्याची. तो कसा लिहायचा हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ५० आणि ५१ मध्ये ठरलेलं आहे: इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आकडे, कारच्या पाटीवर प्रत्येकाची उंची ६५ मिलिमीटर आणि जाडी १० मिलिमीटर. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाडीला तर हाय सिक्युरिटी प्लेटच लागते: अशोकचक्राचा होलोग्राम, लेसरने कोरलेला पाटीचा स्वतःचा वेगळा क्रमांक, आणि एकदा बसवलं की तोडल्याशिवाय न निघणारं लॉक. म्हणजे रेडियमवाल्याची पाटी लावायची तर आधी कायदेशीर पाटी तोडायची. लाखभर मोजून घेतलेला नंबर बेकायदा करायला वर अजून पैसे!

दंड पहिल्यांदा ५०० आणि नंतर १५०० रुपये. एवढा तर आपला पोरगा हसत भरेल. मला खुपतं ते वेगळंच. अशा पाटीवर ‘दादा’ हातभर असतो आणि ‘एमएच ०९’ व पुढची सिरीज कोपऱ्यात मुंगीएवढी. ४१४१ तर प्रत्येक सिरीजमध्ये येतो, गाड्या वेगळ्या ओळखू येतात त्या त्या मुंगीएवढ्या अक्षरांवरूनच. उद्या अशी गाडी कुणाला उडवून पळाली, तर बघणारा पोलिसांना काय सांगणार? दादा होता? कुठला दादा?

आता ‘कायमचा मालकीचा, दुपटीने विका’. फोटो लंडनचा आहे, आणि खोटेपणाची सुरुवात तिथूनच होते. ब्रिटनमध्ये हे खरंच चालतं. तिथलं सरकारी खातं १९८९ पासून असे नंबर विकतं, गाडी विकली तरी नंबर स्वतःकडे ठेवता येतो, पुढे विकताही येतो. २०१४ मध्ये ‘२५ ओ’ हा नंबर लिलावात ५ लाख १८ हजार पौंडांना गेला. पण तिथेही अक्षरांमधली जागा सरकवून नाव जुळवलं तर हजार पौंडांपर्यंत दंड आहे. मेसेजवाल्याने एवढंच नेमकं गाळलंय.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१(६) नुसार नोंदणी क्रमांक दिला जातो तो वाहनाला. गाडी विकली की नंबर सहसा गाडीबरोबर जातो. घेणारा त्या नंबरासाठी चार पैसे जास्त देईलही, पण त्याला गुंतवणूक म्हणायचं धाडस माझ्यात नाही. यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने सांगतो: राज्य सरकारच्या ऑगस्ट २०२४ च्या अधिसूचनेनंतर असा नंबर नवरा-बायको, मुलगा किंवा मुलगी यांच्या नावावर करता येतो. घरातल्या घरात. बाजारात नाही. त्याच अधिसूचनेने चारचाकीच्या ०००१ ची फी मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी ६ लाखांवर नेली.

आणि लिलावाच्या आकड्यांनी हुरळून जाऊ नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये हरियाणात ‘एचआर ८८ बी ८८८८’ला १ कोटी १७ लाखांची बोली लागली म्हणून देशभर गाजावाजा झाला. बोली लावणाऱ्याने पैसेच भरले नाहीत, अनामत जप्त झाली. ती दुसरी बातमी मात्र कुणी फॉरवर्ड केली नाही.

पोलीस अडवत नाहीत? चौकातल्या कॅमेऱ्याला ०००१ आणि ७३८६ सारखेच, ई-चलन दोघांनाही येतं. उलट ०००१ बघणाऱ्याच्या लक्षात राहतो. आकड्यांची बेरीज नऊ आली की बरकत येते म्हणे. ज्याला तसं वाटतं त्याने खुशाल बेरीज करावी, फी भरून घेतोय ना.

राहिला तो ‘आमचा माणूस’. फी अधिसूचनेने ठरलेली असते, घासाघीस करायला ती भाजी नाही. नंबर मोकळा आहे का ते परिवहन खात्याच्या फॅन्सी नंबरच्या संकेतस्थळावर दिसतं आणि पैसे सरकारी खात्यात जातात. कुणी ‘टोकन म्हणून एवढे टाका’ म्हणत स्वतःचा यूपीआय पाठवला, तर तो नंबर नाही, तुमचे पैसे बुक करतोय.

भाच्याला सांगितलंय, ४१४१ हवाच असेल तर घे, तुझे पैसे. रेडियमवाल्याची ऑर्डर मात्र आजच रद्द कर.