पाचटाखालची पांढरी बुरशी म्हणजे रोग नव्हे

सोलापूर जिल्ह्यातल्या ऊस आणि डाळिंब बागायतदारांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. सारांश असा: रानात पांढरी बुरशी दिसली की माती रोगट झाली समजा. काडीकचरा उन्हापावसानं आपोआप कुजतो, बुरशीची गरज नाही. पाचट, म्हणजे तोडणीनंतर रानात उरलेली उसाची वाळकी पानं, पेटवा, राख हेच खत. वर बुरशीनाशकाची आळवणी करा, म्हणजे औषध पाण्यात मिसळून मुळाशी ओता, डाळिंबावरचा तेल्या रोगसुद्धा जाईल. हे वाचून लोक खरंच काड्या ओढतायत, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

पहिलं, ती पांढरी बुरशी. खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर फुटून आलेल्या उसात, पाण्याच्या पाळीनंतर पाचटाचा थर उचलून बघा. वरचं पान कडक, पिवळं. खालचं ओलसर, त्यावर पांढऱ्या तंतूंची जाळी, आणि चिमटीत धरलं तर पान तुटतं. ती जाळी मेलेलं पान खाते आहे, जिवंत ऊस नाही.

‘आपोआप कुजतं’ हे तर साफ चूक. उन्हानं पाचट नुसतं वाळतं. पानातल्या सेल्युलोजच्या धाग्यांभोवती लिग्निन या कठीण पदार्थाचं चिवट आवरण असतं आणि ते फोडणं बहुतेक जिवाणूंना जमत नाही. बुरशी विकरं, म्हणजे पाचक रस, बाहेर सोडते, अन्न शरीराबाहेरच पचवते आणि विरघळलेलं शोषून घेते. बांधावरचं बाभळीचं जुनं खोड पांढुरकं, तंतुमय झालेलं दिसतं ना? तिथलं लिग्निन बुरशीनं संपवलेलं असतं. तिचे तंतू पाणी आणि अन्नद्रव्यं वाहून नेतात, त्यामुळे जिवाणू थांबतात तितक्या कमी ओलीतही तिचं काम चालू राहतं. आपल्यासारख्या कमी पावसाच्या मुलखात हे फार मोलाचं आहे. वारुळातली वाळवीसुद्धा काडीकचरा पचवायला बुरशीच पाळते. पावसाळ्यात वारुळावर अळंबी उगवते ती हीच.

आता राख. राखेत पालाश उरतं, हे खरं. पण पाचटातला जवळपास सगळा कर्ब आणि बराचसा नत्र धुरावाटे जातो. ज्या काळ्या रानात सेंद्रिय कर्ब आधीच कमी, तिथं हे नुकसान परवडणारं नाही. शिवाय मुळांत दडलेली, झाड सुकवणाऱ्या मर रोगाची बुरशी वरवरच्या जाळानं मरत नाही.

पाचट ठेवलं की ऊस पिवळा पडतो, असा अनुभव काही जण सांगतात. तो खोटा नाही. पाचटात कर्ब भरपूर, नत्र अगदी थोडं; कुजवणारी बुरशी आणि जिवाणू कमी पडलेलं नत्र मातीतून उचलतात. म्हणूनच टनभर पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं संवर्धक टाकायची शिफारस आहे. उपाय एवढा सोपा असताना काडी कशाला लावायची?

राहिली सरसकट आळवणी. डाळिंबाचा तेल्या हा जिवाणूंमुळे होतो, बुरशीमुळे नाही. बुरशी मारून तो कसा जाईल? शेणखतातून ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी द्यायची आणि मागोमाग कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक ओतायचं, म्हणजे पैसे देऊन आणलेला मित्र स्वतःच मारायचा. मुळांना स्फुरद मिळवून देणाऱ्या मायकोरायझा या बुरशीलाही अशा आळवणीचा फटका बसू शकतो. डाळिंबाची मर मात्र खरोखर बुरशीजन्य आहे, तिथं औषध लागतं. पण झाड सुकलं तर आधी निदान करून घ्या. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या सोलापुरातच, केगावला आहे.