मत्स्यबीज सोडल्याने नदी वाचत नाही

पावसाळा आला की एक संदेश फिरू लागतो: नदीत मत्स्यबीज, म्हणजे माशांची पिल्लं सोडा, मासे पाणी स्वच्छ करतील, जैवविविधता परत येईल. पाठवणाऱ्यांची तळमळ खरी असते. दावे मात्र टिकत नाहीत.

‘कुठलाही मासा चालतो.’ नाही चालत. सोडले जातात ते बहुधा रोहू, कटला, मृगळ. हे मूळचे उत्तरेतल्या नद्यांचे, भीमा-कृष्णेचे नव्हेत. भीमेवरच्या उजनी धरणात आफ्रिकेतून आलेली चिलापी जाळी भरभरून निघते, पण तिच्यामुळे भीमेची एकही मूळ जात परत आलेली नाही. धरणात मच्छीमारांच्या पोटासाठी बीज सोडायला माझा विरोध नाही. त्याला संवर्धन म्हणू नये.

‘मग महसीर सोडू, तो तर देशी.’ हा सगळ्यांत फसवा दावा. निळसर परांचा महसीर आपलाच आहे; ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली ती मुळा-मुठेतून. १९७० च्या सुमारास लोणावळ्याला टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात त्याची पैदास सुरू झाली आणि पुढे तिथलं बीज कावेरीतही गेलं. कावेरी खोऱ्याचा स्वतःचा महसीर होता, नारिंगी परांचा, पाठीला कुबड असलेला. १९४६ मध्ये कावेरीची उपनदी काबिनीत तसा १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा मासा गळाला लागला होता. पुढे कावेरीत निळ्या परांचेच मासे वाढत गेले आणि २०१८ मध्ये कुबड्या महसीरची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून झाली. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून मासेमारी हे घावही होतेच. पण भल्यासाठी सोडलेला देशी मासाच त्याच्या मुळावर आला, हे मला फार लागतं.

‘मासे पाणी स्वच्छ करतात.’ मैलापाणी कुजताना प्राणवायू संपतो आणि मासेच गुदमरतात. तगतात ते डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून सोडलेले गप्पी आणि गंबुशिया. त्यातले गंबुशिया इतरांची अंडी-पिल्लं खातात.

‘बीज पडलं की काम झालं.’ चढणीचे मासे पहिल्या पुरात प्रवाहाविरुद्ध वर जातात, तिथे अंडी घालतात. वाट पक्क्या बंधाऱ्याने अडली आणि गोटे-वाळू उपसली गेली, तर अंडी घालायची कुठे? महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात महसीर देवीचे म्हणून कुणी मारत नाही, आणि ते तिथे आहेत. बीजाचा पैसा असे डोह राखायला, मैलापाणी अडवायला आणि चढणीच्या दिवसांत जाळी थांबवणाऱ्यांना भरपाई द्यायला वापरा.