भांडा, पण एकमेकांना वाचून भांडा

दोन लेखकांनी फेसबुकवर लुटुपुटीचे भांडण मांडले की काही गंभीर वाचक कपाळाला आठ्या घालतात आणि ‘यांना लिहायला वेळ नाही का?’ असे विचारतात. माझे मत याच्या उलट आहे आणि ते सोलापुरातल्याच एका भांडणामुळे पक्के झाले आहे.

माझ्या परिचयाचे एक कथाकार आमच्या शहराच्या पूर्व भागातील यंत्रमाग कामगारांवर लिहितात. मंगळवेढ्याच्या एका कवयित्रींनी वर्षभरापूर्वी त्यांना जाहीर आव्हान दिले, की सरांच्या कोणत्याही कथेत तिसरे पान उलटायच्या आत मागावर धावणाऱ्या धोट्याचा आवाज आला नाही, तर मी कविता लिहिणे सोडून देईन. दुसऱ्या दिवशी सरांचे उत्तर आले: ताईंच्या संग्रहात ४२ कविता आहेत, त्यांपैकी १९ कवितांत पाऊस पडतो, तरीही मंगळवेढ्याचा दुष्काळ हटत नाही, याचा जाब ताईंनी द्यावा. पुढचे अनेक आठवडे हे चालले आणि आम्ही रोज संध्याकाळी ते वाचत होतो. त्या दिवसांत मला एक गोष्ट उमगली. १९ हा आकडा सांगण्यासाठी सरांना तो संपूर्ण संग्रह ओळीओळीने वाचावा लागला होता. आज किती लेखक आपल्या समकालीनाचे पुस्तक इतक्या बारकाईने वाचतात? प्रकाशन समारंभात एकमेकांची मोघम स्तुती करणाऱ्यांपेक्षा या दोघांनी एकमेकांचा अधिक आदर केला, असे मी मनापासून मानतो.

ही रीत फेसबुकने आणलेली नाही. शाहिरीतला कलगी-तुरा आठवावा. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणार आणि तुरेवाले शिवाला. एका फडाने कूट म्हणजे कोडे घालायचे, दुसऱ्याने त्याची उकल करून उलटा सवाल टाकायचा आणि श्रोत्यांनी रात्रभर बसून दोघांची परीक्षा पाहायची. समोरच्याच्या कवनातील खाचाखोचा माहीत नसलेला शाहीर त्या झगड्यात उभाच राहू शकत नसे. संस्कृताचा व्यासंग आणि डफ-तुणतुण्याची संगत या दोन्हींना आपले मानणारे शाहीर राम जोशी याच सोलापूरचे, याचा मला फार अभिमान वाटतो. विडंबनाचेही तसेच आहे. १९२५ साली ‘केशवकुमार’ या नावाने अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ आणली, तेव्हा रविकिरण मंडळाच्या कवींची वृत्ते, शब्दांच्या लकबी आणि भावुकतेच्या जागा त्यांनी मुखोद्गत असल्यासारख्या वापरल्या होत्या.

मात्र खरी भांडणे आणि लुटुपुटीची भांडणे यांत गल्लत करू नये. अत्रे आणि ना. सी. फडके यांचे वैर लटके नव्हते. फडके आणि खांडेकर यांच्यातील ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वादही दोघांच्या श्रद्धेचा होता. तरीही मराठी वाचकांनी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद १९४० साली रत्नागिरीला फडक्यांना, १९४१ साली आमच्या सोलापूरला खांडेकरांना आणि १९४२ साली नाशिकला अत्र्यांना दिले. तीन वर्षांत तिघेही त्याच आसनावर बसले. वाद खरा असो की खेळाचा, दोन्ही बाजू वाचणारा वाचकवर्ग तेव्हा होता. आणि माझी खरी काळजी इथेच आहे.

कारण आमच्या सर आणि ताईंचे भांडण पुढे बिघडले. कोणीतरी सरांच्या एका उत्तराचा स्क्रीनशॉट काढून मागचा-पुढचा संदर्भ न देता पसरवला. ज्यांनी दोघांचे एकही पान वाचलेले नव्हते अशी माणसे ताईंच्या बाजूने म्हणून सरांना शिव्या देऊ लागली, मग दुसरा जमाव ताईंवर तुटून पडला, आणि दोन दिवसांत गोष्ट आडनावांवर आणि जातीवर गेली. फडावर बसलेल्या श्रोत्याला दोन्ही शाहीर एकाच वेळी समोर दिसत. स्क्रीनशॉट पाहणाऱ्याला एकच बाजू दिसते आणि आवाजातले हसू तर मुळीच ऐकू येत नाही. ताईंनी त्यानंतर लिहिणे थांबवले आहे. एका बाईला मिळालेल्या शिव्यांची जात वेगळी असते, हे मी त्या प्रतिक्रियांमध्ये प्रत्यक्ष वाचले आहे आणि ते विसरणे मला शक्य नाही.

म्हणून अशी भांडणे बंद व्हावीत, असे मी म्हणणार नाही. भांडण मांडणाऱ्या दोघांनी अशा वेळी जमावासमोर एकत्र उभे राहावे, आपल्या बाजूने आलेली शिवी स्वतःच्या हाताने पुसावी, आणि चेष्टा ओळीवर ठेवावी, माणसाच्या घरादारावर नेऊ नये. पुस्तक खपावे म्हणून आधी ठरवून केलेले भांडण मात्र मला नुरा कुस्तीसारखे वाटते. आखाड्यात पैसे मोजून आलेल्या माणसाची ती फसवणूक आहे.

सरांनी त्या जमावाला खडसावणारी पोस्ट लिहिली, पण ती चार दिवस उशिरा आली, आणि हे मी त्यांना समक्ष सांगितले आहे. ताईंचे उत्तर अजून आलेले नाही. गेल्या रविवारी मी सरांच्या कथा पुन्हा वाचायला काढल्या. तिसरे पान उलटायच्या आत धोट्याचा आवाज खरोखरच येतो, ताई.