दाब कमी केला की पाइपांची धडधड थांबते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पाइपांची धडधड शोधायला मी स्प्रिंकलरचा एकेक झोन (म्हणजे एका व्हॉल्व्हवर चालणारा लॉनचा भाग) चालवून आवाज ऐकायला सुचवलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितोय. बाकीच्या वाचकांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. न्यू जर्सीत मुलाच्या घरी पहाटे लॉनचे स्प्रिंकलर चालले की बेसमेंटमधले तांब्याचे पाइप धाडकन वाजतात. तुम्ही बाहेरच्या नळाला गेज लावलं, तर दाब ८५ पीएसआय (चौरस इंचाला पाउंड) भरला. तुम्ही लिहिता: "उभी हयात पाणीपुरवठ्यात काढली. स्प्रिंकलरचा डायफ्राम व्हॉल्व्ह सावकाश मिटतो, त्याने वॉटर हॅमर होत नाही. पीआरव्ही बदला, वॉशिंग मशीनमागे अरेस्टर लावा, विषय संपला. एकेक झोन ऐकत बसायला सांगणं हा रिकामटेकडा उद्योग आहे." (वॉटर हॅमर म्हणजे वाहतं पाणी एकदम अडल्याने पाइपात बसणारा दणका, डायफ्राम म्हणजे व्हॉल्व्हमधला पाणी अडवणारा लवचीक पडदा, पीआरव्ही म्हणजे घरात येणाऱ्या पाण्याचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह आणि अरेस्टर म्हणजे दणका झेलणारी, आत हवा कोंडलेली छोटी नळी.)

८५बद्दल वाद नाही. इथे अमेरिकेत घरातला दाब ८०च्या आत ठेवायचा नियम आहे, तेव्हा पीआरव्ही बघायलाच हवा. पण धडधड थांबेल ती त्याने नव्हे.

तुमच्याच राइजिंग मेनचं, म्हणजे पंपापासून उंचावरच्या टाकीकडे जाणाऱ्या मोठ्या पाइपचं, उदाहरण घ्या. वीज गेली, पंप थांबला, पाणी मागे फिरलं आणि ते उलटं जाऊ न देणारा रिफ्लक्स व्हॉल्व्ह आपटला. तिथे कुणी "दाब कमी करा" म्हणालं असतं तर तुम्हीच त्याला वेड्यात काढलं असतं. तुम्ही एअर व्हेसल (धक्का झेलणारी हवेची टाकी) नाहीतर झीरो व्हेलॉसिटी व्हॉल्व्ह (पाणी उलटं फिरायच्या आतच मिटणारा) सुचवला असता, कारण भांडण वेगाशी असतं. झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९७-९८मध्ये मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून जे सूत्र मांडलं, त्यात मूळचा दाब येतच नाही. येतो तो अचानक थांबलेला वेग. तांब्याच्या पाइपात सेकंदाला १ फूट एवढा वेग एकदम थांबला, की ५० ते ६० पीएसआयचा धक्का बसतो.

आता लॉनचा हिशोब करू. एका झोनला मिनिटाला १३ गॅलन लागतात असं धरा. १ इंची पीव्हीसीत हे पाणी सेकंदाला साधारण ५ फुटांनी जातं आणि स्प्रिंकलरवाले तीच मर्यादा मानतात. पण जुन्या घरांत बेसमेंटमधून लॉनची लाइन काढलेली असते पाऊण इंची तांब्यावरून. तिथे तेच पाणी साडेआठ फुटांनी धावतं. घरातला कुठलाही नळ एवढं पाणी ओढत नाही, म्हणून दिवसभर सगळं शांत आणि पहाटेच तेवढा गोंधळ. शिवाय नोझलमधून जाणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतं. ८५चे ६० केलेत तरी वेग घटेल जेमतेम १६ टक्के. आवाज थोडा मऊ होईल, जाणार नाही.

"डायफ्राम सावकाश मिटतो" हे अर्धंच खरं आहे. कंट्रोलरने सोलेनॉइडचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या विजेच्या कॉइलचा) करंट तोडला की बारीक भोकातून पाणी डायफ्रामच्या वर भरत जातं आणि तो खाली येऊ लागतो. यात काही सेकंद जातात, कबूल. पण बराच वेळ प्रवाहात फारसा फरक पडतच नाही. पाणी खरं अडतं ते शेवटच्या थोड्याशा अंतरात, आणि तिथे डायफ्राम चटकन बसतो. झोनच्या मानाने व्हॉल्व्ह मोठा असेल तर आणखीच. शिवाय भिंतीबाहेरच्या पीव्हीबीच्या (लॉनचं पाणी घराच्या पाण्यात परत येऊ न देणाऱ्या उपकरणाच्या) पोटातही स्प्रिंगचा एक चेक व्हॉल्व्ह असतो, तुमच्या रिफ्लक्सचा धाकटा भाऊच. तोही आपटू शकतो.

म्हणून तो "रिकामटेकडा उद्योग". दोन माणसं लागतात. मुलाला कंट्रोलरवरून एकच झोन हाताने चालू करायला सांगा आणि तुम्ही बेसमेंटमध्ये पाइपावर हात ठेवून उभे राहा. सुरुवातीलाच दणका बसला तर लाइनमध्ये हवा आहे. रात्रीतून सगळ्यात खालच्या हेडमधून (फवाऱ्याच्या तोंडातून) पाणी गळून पाइप रिकामा होतो, मग पाणी मोकळं सुसाट येतं आणि हवा संपताक्षणी आपटतं. तिथे चेक व्हॉल्व्हवाली हेड बसवा. मध्येच घरघर ऐकू आली तर ती बहुतेक टॉयलेटच्या टाकीच्या फिल व्हॉल्व्हची किंवा थकलेल्या पीआरव्हीची.

आवाज शेवटी येत असेल तर खरी परीक्षा पुढे आहे. झोन चार-पाच मिनिटं चालू द्या आणि कंट्रोलरने बंद न करता पीव्हीबीवरचा बॉल व्हॉल्व्ह हाताने अगदी हळू फिरवून मिटवा. पाइप गप्प राहिला तर दोषी झोनचा व्हॉल्व्ह. त्याच्या डोक्यावर फ्लो कंट्रोलची मूठ असेल, तर झोन पुन्हा चालू करून ती अर्धा-अर्धा आटा आवळत जा. फवारे आखडू लागले की किंचित मागे घ्या. बऱ्याच घरांत काम इथेच होतं, खर्च शून्य. हाताला पाइप लाकडावर उसळताना जाणवला तर आधी क्लॅम्प मारा. साधे गॅल्व्हनाइज्ड मात्र नकोत, तांब्याशी गाठ पडली की ते गंजतात. 

राहिला अरेस्टर. तो लावायला माझी ना नाही, जागेला आहे. वॉशिंग मशीनमागचा अरेस्टर मशीनच्या व्हॉल्व्हचा धक्का झेलतो. लॉनचा धक्का येतो घराच्या दुसऱ्या टोकाकडून. तो लॉनच्या लाइनवरच हवा, झोनच्या व्हॉल्व्हच्या अलीकडे आणि शक्य तेवढा जवळ. न्यू जर्सीच्या थंडीत बाहेर लावलात तर पहिल्याच गोठणीत फुटेल, त्यामुळे लाइन भिंतीबाहेर पडते त्याच्या अगदी आतल्या बाजूला. आणि टोपी लावलेला उभा पाइपाचा तुकडा हा जुना जुगाड नको. त्यातली हवा हळूहळू पाण्यात विरघळते आणि काही महिन्यांत तो नुसता पाण्याने भरलेला पाइप उरतो.

पीआरव्ही बदलणारच असाल तर प्लंबरला एक्स्पान्शन टँक (तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणारी छोटी टाकी) आहे का तेही बघायला सांगा. बऱ्याच पीआरव्हींतून पाणी मागे जात नाही, आणि टँक नसेल तर गीझर तापला की त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकायला लागू शकतो.