नॅन्सी, पोहोचलीस की फोन कर

पन्नाशीनंतर नॅन्सी ड्रू वाचू नये. तब्येतीला झेपत नाही.

शाळेत असताना मी या अमेरिकन हेर पोरीच्या पिवळ्या पाठीच्या पुस्तकांचा फडशा पाडायचे. पोरीकडे स्वतःची निळी गाडी आणि घरी कसलीही आडकाठी नाही. वडील कार्सन ड्रू नामांकित वकील, पण ‘कुठे? कोणाबरोबर? कितीला येणार?’ ही उलटतपासणी घरात नाही. तेव्हा मला हा बाप आदर्श वाटे. आता वाटतं, याला कोणीतरी समोर बसवून चार शब्द सुनवायला हवेत.

भाचीसाठी आणलेलं ‘द सीक्रेट ऑफ द ओल्ड क्लॉक’ परवा तिच्याआधी मीच उघडलं. मालिकेतलं पहिलं, 1930 सालचं. तळ्याकाठच्या बंद बंगल्यात चोर नॅन्सीला कपाटात कोंडून पसार होतात. ती घाबरते, मग सावरते, कपडे टांगायची दांडी काढून बिजागऱ्या उचकटू पाहते. आणि मी? बंद घरातलं कपाट म्हणजे झुरळं असणार. बिजागरीला गंज असणार. हिने धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का?

“अगं बाई!” माझ्या तोंडून निघालंच.

“काय झालं?” नवरा.

“कपाटात अडकलीय.”

तो बिचारा उठून बेडरूमचं कपाट उघडून बघून आला.

1959 पासून ही पुस्तकं नव्याने लिहून काढली. वंशद्वेषी वर्णनं गाळली, ते उत्तमच झालं. 25 प्रकरणांची 20 केली. नॅन्सी 16 ची 18 झाली, म्हणजे वय वाढवलं, पण निघताना घरी सांगून जायची अक्कल काही वाढवली नाही.

लेखिका कॅरोलिन कीन म्हणाल, तर अशी बाईच नव्हती. ते लेखकांकडून पुस्तकं लिहवून घेणाऱ्या एका संस्थेचं टोपणनाव. सुरुवातीची बहुतेक पुस्तकं मिल्ड्रेड वर्ट बेन्सन यांनी लिहिली, पुस्तकामागे सुमारे 125 डॉलर घेऊन. नाव नाही, रॉयल्टी नाही. या बाई पुढे स्वतः विमान चालवायला शिकल्या. म्हणजे लिहिणारीही तसलीच! घरच्यांचं काय झालं असेल?

या सगळ्यात माझी माणूस एकच, घर सांभाळणारी हॅना ग्रुएन. लहानपणी तिचं नावही नीट वाचत नसे. आता नॅन्सी गाडी काढून निघाली, की पुस्तक तिच्यामागे धावतं आणि मी हॅनापाशी स्वयंपाकघरात थांबते. पोरगी केव्हा उगवेल पत्ता नाही, आली की जेवण मात्र गरम हवं. या बाईचे किती वेळा पदार्थ गरम करून झाले असतील, त्याचा तपास कोणी करत नाही.

मूळ मालिका 56 पुस्तकांची. कोणी नॅन्सीला कोंडतं, कोणी बांधून ठेवतं, कोणी डोक्यात घालून बेशुद्ध करतं. शुद्धीवर आली की ही पुन्हा स्टीअरिंगवर. मी पुढचं पुस्तक मागवलंय, पण कार्सनराव, त्या पोरीच्या डोक्याचा एकदा तरी एक्स-रे काढा हो!